रिचार्ज वजा जाता उरलेले निवृत्तिवेतन

इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत ६० ते ७९ वयाच्या दारिद्र्यरेषेखालील वृद्धाला केंद्र सरकारकडून दरमहा २०० रुपये मिळतात. जुलै २०२४ मध्ये मोठ्या मोबाइल कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हापासून २८ दिवसांचा अगदी साधा रिचार्जही याच रकमेच्या घरात गेला आहे. म्हणजे केंद्राने वृद्धाच्या महिन्याभराच्या जगण्यासाठी ठेवलेला वाटा त्याचा फोन चालू ठेवण्यातच संपतो. महाराष्ट्रात राज्य सरकार श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेतून भर घालते आणि एकूण रक्कम १५०० रुपयांपर्यंत नेते, हे खरे. पण या १५०० रुपयांतूनही पहिला खर्च फोनचाच निघतो.

निवृत्तिवेतन पुरेसे आहे का, या प्रश्नावर आपल्याकडे बोलणे होते ते औषधांचे, धान्याचे, फार तर घरभाड्याचे. फोनचा विषय निघाला की तो चैनीच्या खात्यात टाकला जातो आणि ‘म्हाताऱ्या माणसाला कशाला हवा एवढा मोठा फोन’ एवढ्यावर बोलणे थांबते. माझे म्हणणे असे की, गेल्या दहा वर्षांत शासनाने आणि बँकांनी मिळून फोनला निवृत्तिवेतनाच्या दारावरचा पहारेकरी करून ठेवले आहे. पैसे जमा झाल्याचा संदेश फोनवर येतो, आधारचा ओटीपी फोनवर येतो, हयातीचा दाखला फोनवरून द्यावा असा आग्रह धरला जातो, गॅसची नोंदणी फोनवर होते आणि पासबुक भरून घ्यायला गेलेल्या माणसाला काउंटरवरून ‘अ‍ॅपवर बघा’ असे सांगितले जाते. जी वस्तू नसेल तर हक्काचे पैसे हातात येणे अवघड होते, त्या वस्तूचा खर्च निवृत्तिवेतनाच्या हिशेबात धरलाच पाहिजे. तो आज कुठेही धरलेला नाही.

कोल्हापुरात हा हिशेब मांडायला फार लांब जावे लागत नाही. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात फाउंड्री आणि मशीन शॉपमध्ये आयुष्य घालवलेल्या कामगारांची आता एक अख्खी पिढी निवृत्त झाली आहे. साखर कारखाने, सूतगिरण्या आणि सहकारी संस्था यांतून निवृत्त झालेले लोक वेगळेच. यांतील बहुतेकांची पेन्शन १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झालेल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतून येते, जिला सगळे ‘ईपीएस ९५’ म्हणतात. मालकाच्या १२ टक्के वर्गणीतले ८.३३ टक्के या योजनेत जातात, केंद्र सरकार वेतनाच्या १.१६ टक्के घालते, आणि निवृत्तीच्या वेळी निवृत्तिवेतनयोग्य पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागले जाते. सूत्र साधे दिसते, परंतु त्यातला पगार हा खरा पगार नसतो. ऑगस्ट २०१४ पर्यंतच्या सेवेसाठी तो जास्तीत जास्त ६५०० रुपये धरला जातो आणि त्यानंतरच्या सेवेसाठी १५,००० रुपये.

सप्टेंबर १९९९ मध्ये कामाला लागून ऑगस्ट २०२४ मध्ये अठ्ठावन्न पूर्ण केलेला, फाउंड्रीत साचे करणारा एखादा मोल्डर डोळ्यांसमोर आणावा. पहिल्या १५ वर्षांचे सुमारे १३९३ रुपये होतात, पुढच्या १० वर्षांचे सुमारे २१४३. वीस वर्षांपेक्षा जास्त सेवा झाल्याबद्दल वाढवून मिळणारी दोन वर्षे धरली तरी रक्कम ४००० रुपयांच्या आत राहते. हा पंचवीस वर्षे एकाही दिवसाचा खंड न पडलेला, सगळी वर्गणी वेळेवर भरली गेलेला आणि पगाराची कमाल मर्यादा गाठलेला कामगार आहे. शिरोलीतल्या किती जणांच्या नशिबी अशी सलग सेवा आली असेल? ठेकेदार बदलला की नवा खातेक्रमांक, मधले ‘ब्रेक’, मूळ वेतन मुद्दाम कमी दाखवून भरलेला फंड, आणि घरात लग्न किंवा आजारपण निघाले की नोकरी सोडून काढून घेतलेली रक्कम, या सगळ्यांतून जे उरते ते बऱ्याचदा किमान पेन्शनजवळ येऊन थांबते.

ती किमान पेन्शन १ सप्टेंबर २०१४ पासून दरमहा १००० रुपये आहे. त्याच्या आदल्याच वर्षी भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने ती ३००० रुपये करावी अशी शिफारस केली होती. आज पेन्शनधारकांच्या संघटना ७५०० रुपये आणि महागाई भत्ता मागत आहेत. मागणीच्या आकड्यापेक्षा महागाई भत्त्याचा मुद्दा मला अधिक मूलभूत वाटतो. सरकारी निवृत्तिवेतनधारकाला वर्षातून दोनदा महागाईनुसार वाढ मिळते, ईपीएस ९५ मध्ये मात्र अशी कोणतीही तरतूद नाही. महागाई सहा टक्क्यांनी वाढत गेली तर बारा वर्षांत रुपयाची किंमत निम्मी होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी ४००० रुपयांवर निवृत्त झालेला माणूस सत्तरीला पोचतो तेव्हा त्याच्या हातात त्याच नोटा असतात, पण त्यांत निम्माच बाजार येतो. आणि औषधे लागायला सुरुवात नेमकी याच वयात होते.

१ एप्रिल २०२५ पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी एकीकृत निवृत्तिवेतन योजना सुरू झाली. तिच्यात किमान दहा वर्षे सेवा केलेल्याला दरमहा किमान १०,००० रुपयांची हमी आहे, वर महागाईनुसार वाढही आहे. ती मिळू नये असे कोणी म्हणणार नाही. पण तेवढीच दहा वर्षे भट्टीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाची हमी १००० रुपयांची असते, आणि म्हातारपणी दोघेही लक्ष्मीपुरीच्या एकाच बाजारात ज्वारी घेतात. हा दहापटींचा फरक कामाच्या कष्टाने किंवा गरजेने समजावून सांगता येत नाही. तो केवळ कोणाच्या मागे शासन मालक म्हणून उभे आहे, यावर ठरला आहे.

आता या १००० रुपयांतून फोन वजा करून पाहू. २८ दिवसांचा रिचार्ज वर्षातून तेरा वेळा मारावा लागतो. १९९ रुपयांच्या दराने ते २५८७ रुपये होतात, म्हणजे १२,००० रुपयांच्या वार्षिक पेन्शनचा पाचवा हिस्सा ओलांडून गेले. चेहरा ओळखणारी अ‍ॅप जुन्या, कमी ताकदीच्या हँडसेटवर चालत नाहीत, बँकांची अ‍ॅप काही वर्षांनी जुन्या प्रणालीवर उघडायची थांबतात, म्हणून सात-आठ हजारांचा फोन दर चार वर्षांनी बदलावा लागेल असे धरले, तर त्याचे महिन्याला आणखी दीडशे रुपये होतात. दोन्ही मिळून किमान पेन्शनचा तिसरा हिस्सा फोनवर जातो. श्रावणबाळच्या १५०० रुपयांतूनही नुसता रिचार्जच सातवा हिस्सा नेतो. रिचार्ज संपला की काही दिवसांत येणारे फोन आणि संदेशही बंद होतात, त्यामुळे ‘या महिन्यात राहू दे’ असे म्हणण्याची मुभा वृद्धाला नाही. ओटीपी आला नाही तर पुढचे सगळेच अडते. डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने कंपन्यांना इंटरनेटशिवाय केवळ बोलणे आणि संदेश यांसाठीचे वेगळे रिचार्ज द्यायला लावले, हे पाऊल योग्यच होते. मात्र जो हयातीचा दाखला द्यायला इंटरनेट लागते, तो या स्वस्त रिचार्जवर देता येत नाही.

खर्चाइतकाच अडथळ्याचाही विचार करायला हवा, कारण वेळेवर न मिळालेली पेन्शन ही त्या महिन्यापुरती शून्य पेन्शनच असते. फाउंड्रीत तीस वर्षे वाळू, कास्टिंग आणि ग्राइंडर हाताळलेल्या माणसाच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. गावात बँकेचे व्यवहार करून देणाऱ्या बँकमित्राच्या मशीनवर ‘अंगठा लागत नाही’ ही तक्रार बांधकाम मजूर, धुणीभांडी करणाऱ्या बायका आणि शेतात राबलेली माणसे यांच्याकडून नेहमी ऐकू येते. ज्या हातांनी जास्त काम केले तेच हात मशीन नाकारते. दुसरी अडचण कागदांची. आपल्याकडे एका विशिष्ट वयाच्या माणसांपैकी असंख्य जणांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती तशी लिहून टाकली. कारखान्याच्या नोंदीत वेगळी तारीख, आधारवर वेगळी, नावात कुठे वडिलांचे नाव आहे कुठे नाही, इंग्रजी स्पेलिंग तीन ठिकाणी तीन प्रकारचे. कार्यालयातल्या जाणत्या कारकुनाला ही तिन्ही माणसे एकच आहेत हे दोन मिनिटांत कळत असे. पोर्टलला ते कळत नाही, ते अर्ज परत पाठवते, आणि कारणाच्या जागी असलेली इंग्रजी ओळ घेऊन माणूस महा ई-सेवा केंद्राच्या रांगेत उभा राहतो.

तंत्रज्ञानाने काहीच भले केले नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये हयातीचा दाखला आधारच्या मदतीने ऑनलाइन देण्याची ‘जीवन प्रमाण’ ही सोय सुरू झाली, २०२१ मध्ये तिच्यात चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आली, आणि चंदगड किंवा गगनबावड्याच्या टोकाला राहणाऱ्या पेन्शनधारकाला दाखल्यासाठी एसटीने कोल्हापूर गाठण्याची गरज उरली नाही. ईपीएस ९५ चा दाखला वर्षभरात केव्हाही देता येतो आणि दिल्यापासून वर्षभर चालतो, त्यामुळे दाखल्यांसाठी दर नोव्हेंबरात होणारी झुंबड कमी झाली. जानेवारी २०२५ पासून ही पेन्शन देशातल्या कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेतून घेता येते. मुलाकडे पुण्याला राहायला गेलेल्या आईवडिलांना खाते हलवण्यासाठी खेटे घालावे लागत नाहीत. पोस्टमन घरी येऊन दाखला करून देतो, ही सोय तर मला या सगळ्यांत सर्वांत मोलाची वाटते, कारण तिच्यात यंत्र आहे आणि यंत्र चालवणारा जबाबदार माणूसही आहे.

जिथे तो माणूस काढून घेतला गेला, तिथे त्याचे काम नातवाने, शेजाऱ्याने किंवा झेरॉक्सच्या दुकानातल्या पोराने करायचे असे गृहीत धरले जाते. आजोबांचा पासवर्ड नातवाला ठाऊक, आजीचा ओटीपी दुकानदाराला मोठ्याने वाचून दाखवलेला. यात बहुतेक वेळा कोणाच्याही मनात पाप नसते, पण आपले पैसे दुसऱ्याच्या हातून पाहण्याची ही सवय फसवणूक करणाऱ्यांच्या पथ्यावर पडते. ‘तुमचा हयातीचा दाखला राहिला आहे, पेन्शन बंद होईल, ही लिंक उघडा’ असा फोन येतो तेव्हा घाबरलेला माणूस विचारायला कोणाकडे जाणार? शाखेतला ओळखीचा चेहरा आता तिथे नसतो. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार करता येते, परंतु गेलेली रक्कम म्हणजे कित्येकदा त्या माणसाने मरणधरणासाठी बाजूला ठेवलेले पैसे असतात.

ज्यांना ईपीएस ९५ सुद्धा नाही, त्यांची स्थिती याहून कठीण आहे. भविष्य निर्वाह निधीचा कायदा साधारणपणे वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतो. इचलकरंजीतले यंत्रमाग मात्र लहान लहान शेडमध्ये विखुरलेले आहेत, मजुरी मीटरवर मिळते, आणि कांडी भरणाऱ्या बाईचे नाव कोणत्याच हजेरीपत्रकावर नसते. हुपरीत चांदीचे काम घराघरांतून चालते. कोल्हापुरी चप्पल बनवणारी कुटुंबेही अशीच. या लोकांसाठी श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार अनुदान योजना एवढाच आधार आहे, आणि श्रावणबाळसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे. महिन्याला १७५० रुपयांत आज कोणते कुटुंब जगते? ही अट प्रामाणिकपणे पाळली तर योजना जवळजवळ कोणासाठीच उरत नाही, आणि योजना मिळवायची तर उत्पन्नाच्या दाखल्यात आकडा कमी लिहून घ्यावा लागतो. वयाच्या पासष्टाव्या वर्षी माणसाला खोटे बोलायला लावणारी अट शासनाने स्वतःहून काढून टाकायला हवी होती.

‘तरुणांनी आतापासूनच सोय करावी’ हा सल्ला सगळेच देतात. अटल पेन्शन योजना बँकेच्या अ‍ॅपवरून काही मिनिटांत सुरू होते. अठराव्या वर्षी महिन्याला २१० रुपये भरले की साठीनंतर दरमहा ५००० रुपयांची हमी मिळते. २०१५ पासूनच्या या योजनेचा मी विरोधक नाही, ज्याला शक्य आहे त्याने ती घ्यावी. परंतु ही हमी रुपयांच्या आकड्याची आहे, त्या रुपयांत काय येईल याची नाही. महागाई सरासरी पाच टक्के धरली तर बेचाळीस वर्षांनंतरचे ५००० रुपये आजच्या साडेसहाशे रुपयांइतके भरतात. हे त्या मुलाला अ‍ॅपच्या पडद्यावर कोणी सांगत नाही.

याच मुलाने हप्त्यावर घेतलेल्या फोनकडे बोट दाखवून त्याला उधळ्या ठरवण्याची पद्धतही आहे. राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत घरोघरी जेवण पोचवणाऱ्या मुलासाठी तो फोन म्हणजे कामाचे हत्यार आहे. फोन बंद तर दिवसाची मजुरी बंद. हत्याराचा खर्च त्याचा, पेट्रोल त्याचे, म्हातारपणाची सोयही त्याचीच, आणि कंपनीचे फक्त अ‍ॅप. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांची कायद्यात प्रथमच दखल घेतली आणि कंपन्यांच्या वार्षिक उलाढालीतून एक ते दोन टक्के वर्गणी घेण्याची तरतूद केली. संहिता लागू व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. जे अ‍ॅप प्रत्येक ऑर्डरमागे आपले कमिशन क्षणात कापून घेऊ शकते, त्याच अ‍ॅपला प्रत्येक ऑर्डरमागे त्या मुलाच्या पेन्शन खात्यात काही रक्कम टाकणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही. इथे तंत्रज्ञान खरोखर उपयोगी पडेल, आणि नेमके इथेच त्याचा आग्रह कोणी धरत नाही.

सरकारकडे पैसा कुठे आहे, हा आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. ईपीएस ९५ ही वर्गणीवर चालणारी योजना आहे आणि जमा वर्गणीच्या मानाने मोठी पेन्शन दिली तर पुढच्या पिढीच्या निधीला हात लागेल, हे म्हणणे निराधार नाही. पण १००० रुपयांची किमान पेन्शन देतानाही केंद्राला अर्थसंकल्पातून भर घालावीच लागते, म्हणजे करातून वृद्धांना आधार द्यायचा हे तत्त्व आधीच मान्य झाले आहे. वाद आहे तो फक्त रकमेचा. रक्कम कितीही ठरली तरी ती गोठवून ठेवण्याला मात्र कोणतेही आर्थिक शास्त्र आधार देत नाही. २०० रुपयांचा केंद्रीय वाटा जवळपास दोन दशके तसाच ठेवणे म्हणजे संसदेत कोणताही प्रस्ताव न आणता दरवर्षी गुपचूप पेन्शन कमी करत जाणे आहे.

म्हणून मागणी करायची तर पहिली अशी की, ईपीएस ९५ ची किमान पेन्शन, केंद्राचा २०० रुपयांचा वाटा, राज्याचे १५०० रुपये आणि २१,००० रुपयांची उत्पन्न मर्यादा हे चारही आकडे महागाई निर्देशांकाला बांधावेत, म्हणजे दरवेळी मोर्चा काढण्याची वेळ सत्तरीच्या माणसांवर येणार नाही. दुसरी अशी की, पेन्शन खात्याला जोडलेल्या क्रमांकावर येणारे फोन आणि संदेश रिचार्ज नसतानाही चालू राहावेत. शासनाने ओटीपी सक्तीचा केला आहे, तर तो पोचण्याचा खर्च शासनाने किंवा दूरसंचार कंपन्यांनी सोसावा. तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत तातडीची, अशी की अंगठा लागला नाही, चेहरा जुळला नाही किंवा दाखला राहिला म्हणून कोणाचीही पेन्शन थांबवण्यापूर्वी पोस्टमन, तलाठी किंवा ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्याने त्या घरी जाऊन माणूस हयात आहे की नाही हे पाहणे बंधनकारक असावे, आणि कागदावर अर्ज घेणारी खिडकी प्रत्येक तहसील कार्यालयात व बँक शाखेत उघडी राहावी.

यांतल्या पहिल्या दोन गोष्टींसाठी दिल्ली आणि मुंबईकडे पाहावे लागेल, पण तिसरीची सुरुवात इथूनही करता येईल. श्रावणबाळ आणि संजय गांधी योजनेचे अर्ज तहसील कार्यालयातूनच मंजूर होतात, लाभार्थ्यांच्या याद्या तिथेच असतात. चंदगडपासून शिरोळपर्यंत आपल्या बाराही तालुक्यांत दर महिन्याला किती जणांची रक्कम थांबली, त्यांपैकी किती जणांची ओळख न पटल्यामुळे थांबली आणि किती जणांच्या घरी कोणी जाऊन पाहिले, हे तीन आकडे जिल्हाधिकारी कार्यालयाने तालुकावार प्रसिद्ध करावेत. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, नवे अ‍ॅपही लागत नाही.